दाराकडचं अर्धं मेज

मेंढ्यांची कातरणी संपली. अमावास्येनंतरचा तिसरा दिवस.

दादा, तुला शांती असो.

आधी बसून घे, मग वाच. चिमणीचं लग्न ठरलं. मी ठरवलं नाही. तिनंच ठरवलं आणि मला कळवलं, तेही मी लोकर पिळत असताना, म्हणजे हात अडकलेले बघून. मुलगा सुतार आहे. हात चांगला, दात सगळे जागेवर, आईबाप नाहीत, म्हणजे पोरीला सासुरवासही नाही. येशूवर विश्वास ठेवून त्याला तीन वर्षं होतील. त्याआधी तो मूर्ती ठेवायच्या लाकडी पेट्या करायचा. विश्वास ठेवला त्या दिवशी ते काम सोडलं. अर्धी गिऱ्हाइकं गेली, तरी शीळ घालत रंधा मारतो.

घोडं कुठं अडतंय ते तुला कळलंच असेल. तो जन्मानं यहूदी नाही. सुंता झालेली नाही.

तोंड वाकडं करू नकोस, इथून दिसतंय मला.

पुढच्या खोलीतलं ते लांब मेज आठवतं ना, चिमणीच्या बाबांनी केलेलं? दर आठवड्याच्या पहिल्या वारी मंडळी माझ्याकडे जमतात, प्रार्थना होते, मग त्याच मेजावर भाकर मोडायची. दोन वर्षांमागं तू लिहिलंस, की तुम्ही सगळे ख्रिस्ताला मानता ते ठीक, पण जन्माचे यहूदी आणि बाहेरचे एका मेजावर जेवणं मोशेच्या नियमशास्त्राला धरून नाही, दोन मेजं करा. दुसरं मेज ठेवायला जागा कुठाय माझ्या घरात? सगळीकडे रंगाचे हंडे. मग मी आहे तेच मधोमध कापून घेतलं. अर्धं खिडकीकडे, आपल्यांचं. अर्धं दाराकडे, बाहेरच्यांचं. कापलं कुणी? ह्याच सुतारानं. तेव्हा नवाच होता. काम झाल्यावर घाम पुसत विचारलंन, "मावशी, मी कुठल्या अर्ध्यावर बसू?" मी दाराकडे बोट दाखवलं.

आता सांग, लग्नाचं जेवण कसं घालू? नवरी खिडकीशी आणि नवरा दाराशी?

तू ये. तिचे बाबा गेल्यापासून तिचा बाप तूच. अक्षरं तूच शिकवलीस, मलाही आणि तिलाही. तिला जास्त आली. ती म्हणते, मामानं डोक्यावर हात ठेवल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही. द्राक्षतोडणी आटोपली की लग्न.

हे पत्र खेचरवाल्याकडे देतेय. तो वाटेत उघडून वाचतो असा मला संशय आहे. वाच मेल्या, पण ओलं करू नकोस.

तुझी ठिणगी


पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस.

माझ्या ठिणगीस दादाचे आशीर्वाद. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, पण बातमी ऐकून ती दोनदा उठून नाचली आणि तीनदा बसली.

चिमणीचं लग्न म्हणजे मला माझ्याच मुलीचं. म्हणून सरळ लिहितो. त्या मुलाची सुंता झाली पाहिजे, आणि लग्नाआधी झाली पाहिजे. नाहीतर मी येणार नाही. आलो तर त्याच्याबरोबर जेवणार नाही, आणि न जेवता नुसता हात ठेवून उठायचं, तो कसला आशीर्वाद?

मी निष्ठुर आहे असं समजू नकोस. येशू हाच आमचा ख्रिस्त, हे मीही मानतो, आणि त्यापायी चार शिव्या मीही खाल्ल्यात. पण विश्वास हे दार आहे. नियमशास्त्र हे घर आहे. दारात उभा राहिलेला माणूस घरचा होत नाही. तुला तो भार वाटतो. मला वाटत नाही. मी दिवसभर त्याच शास्त्राच्या गुंडाळ्यांच्या नकला करतो आणि संध्याकाळी माझी बोटंसुद्धा आनंदात असतात. लोकांनी आपल्याला ह्या गावातून त्या गावात हाकललं, तेव्हा आपण एकमेकांना कशावर ओळखलं? सातव्या दिवसाच्या शब्बाथावर, काय खायचं नि काय नाही त्या ताटावर, ह्याच खुणेवर. ती आता सोडून द्यायची?

आणि भीती कसली? आपला बाप अब्राहाम नव्व्याण्णव वर्षांचा होता सुंता झाली तेव्हा. नव्व्याण्णव! त्या म्हाताऱ्यानं हूं का चूं केलं नाही. तुझा सुतार पंचविशीतला असेल.

त्याला सांग, आणि मला कळव. मी नवा अंगरखा शिवायला टाकतो.

दादा


अमावास्येनंतरचा नववा दिवस. तांबडा हंडा चुलीवर आहे, म्हणून घाईत.

दादा,

तुझा अंगरखा तूर्त शिंप्याकडेच राहू दे.

चूक माझी. तुझं पत्र मी अंगणात उभ्या उभ्या मोठ्यानं वाचलं. मला मनात वाचता येत नाही हे तुला माहीत आहे. सुतार पलीकडे दाराची चौकट बसवत होता. शीळ थांबली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण बोलून गेलेला शब्द काय पाण्यातून परत काढता येतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकट तशीच अर्धी आणि हा गायब. चिमणी म्हणाली, हत्यारं आहेत, माणूस नाही. मला कळायचं ते कळलं. तशीच हिरव्या-तांबड्या हातांनी धावले, आमच्या गल्लीच्या टोकाला, जिथं सुंता करणारे म्हातारबाबा राहतात. दादा, त्या बाबांचे हात हल्ली पाणी पितानासुद्धा हलतात. पेल्यातलं अर्धं दाढीवर सांडतं.

आणि पायरीवर हा बसलेला. पांढराफटक. दोन पेले द्राक्षारस पोटात, धीर यावा म्हणून. हातात लाकडाचा एक तुकडा, करंगळीएवढा जाड. म्हटलं, हे काय? म्हणाला, "दातात धरायला. घरून करून आणलाय." अरे, तोही घासूनपुसून गुळगुळीत केलेला, तोंडात कुसळ जाऊ नये म्हणून! आणि त्यावर आधीच दातांचे ठसे, सराव केलेला. मला हसावं की रडावं कळेना. मी त्याचा कान धरला आणि अख्ख्या गल्लीतून घरी आणला. म्हातारबाबा मागून ओरडत होते, "अगं बाई, माझं गिऱ्हाईक!"

घरी आल्यावर विचारलं, देवासाठी निघाला होतास का? मान खाली घालून म्हणाला, "नाही मावशी. मामांच्या भीतीनं. ते आले नाहीत तर चिमणी जन्मभर त्यांच्यासाठी रडेल." चिमणीनं हे ऐकलं मात्र. भडकली. म्हणते, ह्याच्यावर सुरी चालवून मिळणारा हात मला डोक्यावर नको. आणि लगेच पुढं म्हणते, मामाच्या हातावाचून मी लग्नालाही उभी राहणार नाही. आता बस! इकडे आड तिकडे विहीर. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात, माझ्या पोरीचं नाक तर चांगलं सरळ आहे.

आता माझं ऐक. मी शिकलेली नाही. पण गुंडाळी वाचली जाते तेव्हा मी हंडा ढवळत कान देऊन असते. मला शब्द पाठ राहत नाहीत, क्रम राहतो. आमच्या धंद्यात क्रमच सगळं. आधी लोकर धुवायची, मग तुरटीत, मग रंगात, मग वाळवण. आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्याला लाखेचा शिक्का, की हे अमक्या रंगारणीचं. रंग आधी चढतो, शिक्का नंतर बसतो. पांढऱ्या कापडावर शिक्का मारून ते तांबडं झालेलं तू कुठं पाहिलंयस?

मला आठवतं ते असं. देवानं अब्राहामाला बाहेर नेऊन तारे दाखवले, इतकी लेकरं देईन म्हणाला. त्या म्हाताऱ्यानं विश्वास ठेवला. तेवढ्यावर देव म्हणाला, हा नीतिमान, हा माझा. बरोबर? आणि सुरी आली ती वेगळ्या दिवशी. मग तो कोणता दिवस आधीचा?

तू मला नव्व्याण्णव वर्षं सांगितलीस. आता तूच मोज. गुंडाळी तुझ्यापुढं आहे, माझ्यापुढं हंडा आहे. देवानं त्याला नीतिमान धरलं ते सुंतेच्या आधी, की नंतर? मला लांबण नको. तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकणंही नको. एका शब्दात उत्तर दे.

ठिणगी


पौर्णिमा.

ठिणगी,

आधी.

दादा


द्राक्षं भरत आली. अमावास्या होऊन दहा दिवस झाले. तुझं ते एका शब्दाचं पत्र येऊन दीड महिना.

दादा,

एक शब्द मागितला तर एकच दिलास. इतका आज्ञाधारक तू लहानपणी कधी नव्हतास.

त्या दिवशी खेचरवाल्यानं पत्र दिलं आणि मी वाचलं, तर मी ओल्या हातांनी त्यालाच मिठी मारली. त्याची पाठ अजून तांबडी आहे, बायकोला काय सांगितलं असेल देव जाणे. चिमणी नाचली, सुतारानं शीळ घातली, मी म्हटलं झालं, दादा आलाच. मग आठवडा गेला. दुसरा गेला. खेचरवाला तीन फेऱ्या करून गेला, दर वेळी दुरूनच मान हलवतो. आता तो माझ्या मिठीच्या भीतीनं तसं करत असेल तर मला माहीत नाही.

तू रागावलायस. अडाणी बहिणीनं पंडिताला मोजायला लावलं म्हणून. रागाव. पण एवढं ऐकून घे, मग हवं तेवढं रागाव.

तू म्हणालास ती खूण नसली तर माणूस घरचा नाही. मग आई कोण होती रे? आपली आई? जिनं आजारपणातसुद्धा शब्बाथाचा दिवा चुकवला नाही, जी दारात आलेल्या भुकेल्याला आधी वाढायची आणि मग आपल्याला ओरडायची की तुमचं पोट काय पळून चाललंय? तिच्या अंगावर कुठं होती खूण? माझ्या अंगावर कुठंय? चिमणीच्या? देवानं अर्ध्या घराला खूण दिलीच नाही, तर ते अर्धं घर काय दारात उभं आहे?

झालं. बोलले.

दुसरं सांगायचं म्हणजे सुतार काय करतोय ते. परवा बघते तर कोरीव कामाला बसलेला. वाट्या, ताटल्या, पळ्या. सगळं नवं, कशालाही न शिवलेलं. मी विचारलं, गिऱ्हाईक कोण? म्हणाला, "मामा. आपल्या भांड्यात पूर्वी काय काय शिजलंय, त्यांना चालणार नाही. नव्यात चालेल." दादा, मी तापले. म्हटलं, अरे, ज्याच्यासाठी सुरीखाली जायला निघाला होतास, त्याच्यासाठी आता वाट्या कोरतोस? तुला मानपान काही आहे की नाही? तर पटाशी खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "मावशी, ते मी भीतीनं करत होतो, तुम्ही थांबवलंत, बरं केलंत. हे हौसेनं करतोय. हे थांबवू नका."

मी थांबवलं नाही. उलट त्याला पाणी आणून दिलं.

मग त्याच पाण्याच्या तांब्यानिशी उभी राहून मीही एक कबूल केलं, तुलाही करते. दोन मेजं कर, असं तू लिहिलंस हे खरं. पण दाराकडे दाखवलेलं बोट माझं होतं. तुझं पत्र पुढं करून मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. मलाही मनातून बरं वाटलं होतं, की आपण खिडकीकडचे, वाऱ्याचे.

लग्न द्राक्षतोडणीनंतरच्या पहिल्या वारी धरलंय. चिमणी अजून म्हणते, मामा येईल. मी तिला काही बोलत नाही, आणि मी गप्प बसते म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

ठिणगी


पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस.

ठिणगे,

मी रागावलो नव्हतो. मला लाज वाटत होती, आणि माझ्या लाजेला तुझ्या रागापेक्षा जास्त वेळ लागतो.

तुझा प्रश्न आला तेव्हा मी हसलो. ती जागा मी अकरा वेळा उतरवली आहे. डोळे मिटून लिहू शकतो. आमच्या कामात एक अक्षर कमी-जास्त झालं तर अख्खं पान बाद, म्हणून आम्ही अक्षरं मोजतो. अकरा वेळा मी तिथली सगळी अक्षरं मोजली. वर्षं एकदाही मोजली नाहीत! त्या संध्याकाळी मोजली. तारे दाखवले तेव्हा अब्राहामाचा थोरला मुलगा इश्माएल अजून पोटातही नव्हता. सुंता झाली तेव्हा इश्माएल तेरा वर्षांचा. म्हणजे तेरा वर्षं, आणि पोटातले महिने धरले तर जवळजवळ चौदा. ते महिने तुझ्या वहिनीनं धरायला लावले. चौदा वर्षं आपला बाप अब्राहाम सुंतेवाचून देवाचा माणूस म्हणून फिरत होता. तेव्हा तो तुझ्या सुतारासारखाच होता. तुझ्या घरी आला असता तर आपण त्याला दाराकडे बसवलं असतं.

मी "आधी" एवढंच लिहिलं, कारण पुढचं वाक्य मला येईना. कामातल्या जोडीदारांना विचारलं, तर दोघांनी वाद घातला, तिसऱ्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. शिक्क्याचं तुझं म्हणणंही मी खोडून काढलं होतं. शिक्का नसलेलं कापड बाजारात ओळखायचं कसं, असं छान उत्तर तयार ठेवलं होतं. आणि मग तुझं पुढचं पत्र आलं. आईचं.

ठिणगे, मी आईला बाजारात कधी ओळखायला गेलो नव्हतो. अंधारात नुसत्या खोकल्यावरून ओळखायचो.

मी येतोय. तुझी वहिनी म्हणते, नाही गेलात तर मी जाईन, गुडघ्यांवर रांगत. पण एक मागणं आहे. मी म्हातारा झालो. अब्राहामाला चौदा वर्षं सुंतेवाचून चाललं म्हणून मला उद्यापासून डुक्कर चालणार नाही. शब्बाथ मी पाळणार, ताटही पाळणार. आता भीतीनं नव्हे. ती माझी हौस आहे म्हण. त्या मुलाचा शब्द मला आवडला, तो वापरू का विचार.

असा माणूस तुम्हाला जेवायला चालेल का? आणि चालला, तर त्याला कुठल्या अर्ध्यावर बसवशील?

दादा


द्राक्षतोडणीनंतरचा दुसरा वार. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी.

वहिनी, तुम्हाला शांती असो.

दादा परवा घरी पोचेल, पण तो काय सांगणार? पुरुषांना विचारा, लग्न कसं झालं, तर म्हणतात, झालं. म्हणून मीच लिहितेय. पत्र त्याच्याच पिशवीत घालतेय, म्हणजे ह्या वेळी खेचरवाल्याला वाचायला मिळणार नाही. बिचारा.

दादा आला तो दारातच अडला. मी म्हटलं, ये की आत. तर म्हणतो, "सांग आधी, कुठल्या अर्ध्यावर?" मी बाजूला झाले. आत एकच मेज. सुतारानं आदल्या दिवशी जोडून ठेवलेलं. तुम्हाला सांगते वहिनी, मी बाहेरच्यांना तिखट शब्दांत ताकीद दिली होती, की आज सगळं दादाच्या ताटाप्रमाणे शिजणार, कुरकुर केली तर रंगाच्या हंड्यात बुडवीन. सगळ्यांनी ऐकलं. फक्त आमचा कुंभार तिसऱ्यांदा मसूर घेताना म्हणाला, "चव आहे हो, पण नुसत्या मसुरावर लग्न लागतं का?" त्यावर दादा म्हणाला, "विश्वास असेल तर लागतं." मला वाटायचं माझ्या भावाला विनोद येत नाही.

बसायच्या आधी दादानं नव्या वाट्या उचलून पाहिल्या, उलट्या केल्या, वास घेतला. अगदी त्याच्या सवयीप्रमाणे. सुतार भिंतीशी उभा, कान लाल. (तो मी धरलेला कान नव्हे, दुसरा.) सगळ्या वाट्या बघून झाल्यावर दादा म्हणाला, "इतकं माझ्यासाठी आजवर कुणी केलं नाही. माझ्या जोडीदारांनीसुद्धा."

मग त्याची नजर मेजावरच्या जोडावर गेली. सुतारानं दोन्ही अर्धी जोडताना मधे लाकडी पाचरा ठोकल्यात. दादा बोटानं चाचपत गेला आणि एका पाचरेशी थांबला. तिच्यावर खाचा. "ह्या कसल्या?" जावईच म्हणाला, "माझे दात, मामा." तोच तुकडा! पायरीवरचा! वाया कशाला घालवायचा म्हणून जोडात घातलान. दादानं एकदा पाचरेकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे, आणि असा हसत सुटला, असा सुटला, की डोळ्यांतून धारा. पुढं पुढं ते हसणं राहिलं नव्हतं, पण मी बघितलं नाही असं दाखवलं. डोळे पुसून त्यानं आधी चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा हात त्या पोराच्या डोक्यावर. आशीर्वाद म्हटला तो सगळा आईचा, शब्दन् शब्द. मला वाटायचं त्यातला निम्मा मीच विसरलेय आणि निम्मा तो.

आता तुम्हाला एक गंमत सांगते आणि उठते, हंडे तसेच पडलेत. मेज पूर्वीइतकं राहिलं नाही. करवतीनं खाल्लं ते काही परत येत नाही, आणि जोड नीट बसावा म्हणून दोन्ही कडा रंधल्या. सगळं मिळून बोटभर आखूड झालं. माणसं मात्र तेवढीच, उलट एक वाढलेलं. बरोबर जोडापाशी दादा, आणि त्याच्या शेजारी जावई. जेवणभर ह्याचं कोपर त्याच्या कोपराला लागत होतं. मी तीनदा म्हटलं, अरे, सरका जरा.

दोघांपैकी कुणीही सरकलं नाही.

तुमची नणंद
ठिणगी